म्हणे बाखच्या आधी कुणी नव्हतंच!

माझी भाची पियानो शिकते. परवा तिने क्लासच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे पाठ करते, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल." मेसेजचा सारांश असा: बरोक काळात (साधारण १६०० ते १७५०) फ्रेंच आणि इटालियन संगीताचं हाडवैर होतं, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने इटालियन संगीतावर बंदी घातली होती, शेवटी १७३५ मध्ये जर्मन संगीतकार बाखने दोन्ही शैली पहिल्यांदा एकत्र आणल्या. आणि हे मिश्रण म्हणजे काय, तर इटालियन चालीवर फ्रेंच नक्षीकाम.

आधी बाख, कारण तिथे सगळंच उफराटं आहे. १७३५ चं ते पुस्तक म्हणजे 'क्लाव्हिअर-उबुंग' या त्याच्या कीबोर्ड-रचनांच्या मालिकेचा दुसरा भाग. त्यात रचना दोनच, एक इटालियन कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद आलटून-पालटून वाजवतात त्या धाटणीचा) आणि एक फ्रेंच ओव्हर्चर (भारदस्त सुरुवातीची रचना). कॉन्चेर्टो एफ मेजरमध्ये (म्हणजे एफ हा 'सा'), ओव्हर्चर बी मायनरमध्ये (बी हा 'सा'). पियानोवर एफपासून बीपर्यंतचे पडदे मोजा, सप्तकात याहून लांब जाताच येत नाही. ओव्हर्चर आधी सी मायनरमध्ये होतं, ते मुद्दाम अर्ध्या सुराने खाली उतरवलं. म्हणजे ज्या पुस्तकात बाखने दोन्ही शैली समोरासमोर बसवून त्यांच्यातला फरक दाखवला, तेच पुस्तक हे लोक मिलाफाचा पुरावा म्हणून फिरवतात! मिलाफ त्याने केला, नाही कशाला म्हणू? बासरीवाल्या बी मायनर स्वीटमध्ये (स्वीट म्हणजे नृत्यरचनांची माळ) फ्रेंच ओव्हर्चरच्या पोटात इटालियन कॉन्चेर्टो आहे. पण पहिला? गेओर्ग मुफाट नावाचा संगीतकार पॅरिसमध्ये शिकला, रोममध्ये त्याने इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार कोरेल्लीचं वादन ऐकलं आणि १६८२ मध्ये साल्झबुर्गला दोन्ही वळणांच्या सोनाटा (वाद्यांसाठीच्या रचना) एकत्र छापल्या. बाख जन्मायला तेव्हा तीन वर्षं होती.

आणि फ्रेंच संगीतकार कूपरँ? त्याने १७२४ च्या संग्रहाचं नावच 'एकत्र आलेल्या अभिरुची' असं ठेवलं. पुढच्या वर्षीच्या रचनेत तर अपोलो देव ल्युली (चौदाव्या लुईचा दरबारी संगीतकार) आणि कोरेल्लीला पटवतो की फ्रेंच आणि इटालियन रुची एकत्र आल्या तरच संगीत पूर्णत्वाला जाईल. मग दोघे व्हायोलिन घेऊन बसतात. आधी ल्युली मुख्य चाल वाजवतो आणि कोरेल्ली साथ करतो, नंतर अदलाबदल. ल्युलीच्या ओळीला फ्रेंच क्लेफ (सुर कुठे वाचायचे हे सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण), कोरेल्लीच्या ओळीला इटालियन. इतकं ढळढळीत कागदावर असताना बाखपर्यंत थांबायची गरज काय?

बंदीचं तर बोलूच नका. ल्युलीला १६७२ मध्ये ऑपेराची राजमान्य मक्तेदारी मिळाली आणि त्याने ती निष्ठुरपणे वापरली, एवढं खरं. दरबारात इटालियन वळणाकडे नाकं मुरडली जायची, तेही मान्य. पण वाद्यसंगीताला कुणी अडवलं? १७२६ च्या 'ले नासियाँ' संग्रहाच्या प्रस्तावनेत कूपरँ स्वतः कबूल करतो: तरुणपणी पहिली सोनाटा लिहिली तेव्हा त्याने आपल्याच नावातली अक्षरं फिरवून एक इटालियन नाव बनवलं, आणि सार्डिनियाच्या राजाच्या चाकरीतल्या नातेवाइकाने ही नव्या इटालियन संगीतकाराची रचना पाठवली, अशी थाप मारली. लोक तुटून पडले. बंदी असलेला माल असा खपतो का?

हाडवैराबद्दल एकच सांगतो. फ्रेंच शैली घडवणारा ल्युली जन्मला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये.

राहिलं नक्षीकाम. फरक नक्षीपेक्षा खोल आहे, हातात आहे. आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरंच, इटालियन मात्र जसं वाजवायचं तसंच लिहितात, असं कूपरँच १७१६ च्या हार्पसिकॉर्डवरच्या (पियानोआधीच्या कीबोर्ड वाद्यावरच्या) पुस्तकात सांगतो. फ्रेंच वादक सारखे लिहिलेले सुर एक लांब, एक आखूड असे झुलवत वाजवायचे. दोन्ही शैली मिसळायच्या म्हणजे कुठे झुलायचं आणि कुठे सरळ चालायचं, हे ओळीओळीला ठरवावं लागतं.

भाचीला म्हटलं, तो मेसेज डिलीट कर आणि परीक्षेत कूपरँचं नाव सांग. "स्पेलिंग?" तिने विचारलं. म्हटलं, अक्षरं पुढेमागे झाली तरी चालतील, त्याची हरकत नसावी.