पाणी मागणारा चॅम्पियन होत नाही?

भाच्याने परवा रात्री एक मेसेज पाठवला. तो महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे. हंगामाआधीचं शिबिर सुरू झालंय आणि संघाच्या ग्रुपवर सरांनी तो मेसेज टाकला होता. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, तू टेक्ससचाच ना? हे खरंय का? उद्यापासून मैदानावर बाटल्या आणायच्या नाहीत म्हणून सांगितलंय."

मेसेज थोडक्यात असा: १९५४ साली अमेरिकेतले महान फुटबॉल प्रशिक्षक ब्रायंट यांनी आपल्या कॉलेज संघाच्या शंभर मुलांना टेक्ससच्या वाळवंटात नेलं. दहा दिवस रणरणत्या उन्हात सराव, पाण्याचा थेंब नाही. कमजोर होते ते पळाले, पस्तीस वाघ उरले. दोनच वर्षांत या वाघांनी एकही सामना न हरता देश जिंकला. पाणी मागणारा कधी चॅम्पियन होत नाही. मुलं घडवायची असतील तर पुढे पाठवा.

मी त्याला तिथल्या तिथे फोन केला आणि सांगितलं, बाटली घेऊनच जा, सर रागावले तर रागावू देत. पण मग हाच मेसेज आणखी तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला, एकदा तर हात जोडलेल्या इमोजीसकट. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तो संघ टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा (खेळ आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट-पॅड घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) आणि मी तिथेच शिकलो. काइल फील्ड या तिथल्या स्टेडियमवर विद्यार्थी सामनाभर बसत नाहीत, सगळा वेळ उभे असतात. त्या गर्दीत मीही उभा राहिलोय. जंक्शनची, म्हणजे मेसेजमधल्या त्या शिबिराची, गोष्ट तिथे प्रत्येकाला ठाऊक असते. ती अर्धी कापून, उरलेल्या अर्धीवर मुलांचं पाणी तोडलेलं मला बघवत नाही.

आधी वाळवंटाचं उरकून टाकतो. जंक्शन हे टेक्ससच्या डोंगराळ भागातलं छोटं गाव. उत्तर लानो आणि दक्षिण लानो या दोन नद्या तिथे मिळतात. कराडसारखं संगमावरचं गाव म्हणा. विद्यापीठाची तिथे थोडी जागा होती. १९५० च्या दशकात टेक्ससमध्ये वर्षानुवर्षं दुष्काळ होता, त्यामुळे मैदान खडकाळ, काटेरी आणि धुळीचं होतं. पण मुलं तहानलेली राहिली ती गावात पाणी नव्हतं म्हणून नव्हे.

पाणी दिलं नाही, हे मात्र खरं. पारा ३८ अंशांच्या वर होता आणि सरावात मैदानावर पाणी मिळत नसे. एक खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि थोडक्यात वाचला. हे का केलं, ते मेसेजमध्ये नाही. त्या काळातल्या बहुतेक प्रशिक्षकांची समजूत होती की खेळताना पाणी प्यायलं की पोटात गोळे येतात, खेळाडू जड होतो, ढिला पडतो. आपल्याकडेही "पळून आल्या आल्या पाणी पिऊ नको" हे प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे. ब्रायंटला जे माहीत नव्हतं ते तेव्हा फार थोड्यांना माहीत होतं. सत्तर वर्षांनंतर आपल्याला ती सवलत नाही.

सत्तर वर्षंही सोडा. जंक्शननंतर अकराच वर्षांनी, १९६५ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या एका सहायक प्रशिक्षकाने तिथले किडनीचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना एक साधा प्रश्न विचारला: सामन्यानंतर आमच्या मुलांना लघवी का होत नाही? केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना तपासलं. एकेका सामन्यात मुलांचं कित्येक किलो वजन घामावाटे जात होतं, घामाबरोबर मीठ जात होतं, लघवीला उरतच नव्हतं काही. त्यांनी पाणी, मीठ, साखर आणि लिंबाचा रस मिसळून पेय केलं. आपल्या आया-आज्या उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात जे देतात, जवळपास तेच. संघाचं टोपणनाव गेटर्स, म्हणून पेयाचं नाव गेटोरेड. जानेवारी १९६७ मध्ये याच संघाने जॉर्जिया टेकला हरवून ऑरेंज बोल हा हंगामानंतरचा मानाचा सामना जिंकला. म्हणजे ज्या खेळाचं उदाहरण देऊन मुलांच्या बाटल्या काढून घेतल्या जातायत, त्याच खेळातल्या मुलांनी भर सामन्यात घटाघट पाणी पिऊन मोठा चषक नेला.

शरीराला उन्हाची सवय होते, हे खरं आहे. दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. हंगामाआधीच्या शिबिराचा एक मोठा उपयोग हाच. पण हे सगळं घडायला पाणीच लागतं. तहानेची सवय अशी शरीराला होतच नाही, तहान दाबायची सवय तेवढी होते, आणि ती सवय उन्हात जीवघेणी ठरते.

आता कमजोर आणि वाघ. आकडे साधारण बरोबर आहेत: शंभराच्या आसपास शिबिराला गेले, पस्तीसच्या आसपास उरले. त्या शिबिरात टिकलेले जीन स्टॉलिंग्ज पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. ते सांगायचे की आम्ही दोन बस भरून गेलो आणि एकीत मावून परत आलो. रात्री मुलं अंथरुणातून उठून चालू लागायची. मेसेज म्हणतो ही कमजोर. मला विचाराल तर दहा दिवस पाण्याविना पळायला नकार देणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरात काही कमी होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात आधीच्या हंगामात संघाकडून खेळलेलेही होते. त्यांची पुढची आयुष्यं कोणी विचारत नाही, कारण गोष्ट उरलेल्यांनी सांगितली.

आणि खेळाच्या हिशेबानेही हा तोटाच होता. आज अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. १९५३ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने खेळाडू बदलण्यावर कडक बंधनं घातली होती, त्यामुळे त्याच मुलांना दोन्हीकडे खेळावं लागे. बाहेर गेलेला खेळाडू हवा तेव्हा परत घेता येत नसे. अशा नियमांत बाकावर किती दमदार मुलं बसली आहेत यावर शेवटच्या पंधरा मिनिटांचा निकाल ठरतो. ब्रायंटने हंगाम सुरू व्हायच्या आधीच आपला बाक रिकामा करून टाकला होता.

मग काय झालं? मेसेज इथे १९५४ वरून थेट १९५६ वर उडी मारतो. मधलं मी सांगतो. पहिल्याच सामन्यात टेक्सस टेककडून ४१-९ असा मार खाल्ला. संबंध हंगामात दहा सामन्यांत एक विजय, जॉर्जियाविरुद्ध ६-०. नऊ पराभव. जंक्शनच्या आदल्या वर्षी, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, याच विद्यापीठाचा संघ चार सामने जिंकला होता, पाच हरला होता, एक बरोबरीत सुटला होता. ब्रायंट अडतीस हंगाम मुख्य प्रशिक्षक होता, ३२३ सामने जिंकला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असा हंगाम एकच, आणि तो म्हणजे जंक्शनचा. शिबिराचा निकाल त्या शिबिरानंतरच्या हंगामात बघायचा असतो. तो हा असा आहे.

१९५६ चं यशही मेसेजमध्ये फुगवलंय. संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही हे खरं. नऊ जिंकले, ह्यूस्टनशी १४-१४ बरोबरी झाली. पण देश जिंकला नाही. जिंकली ती साऊथवेस्ट कॉन्फरन्स, म्हणजे त्यांच्या भागातली स्पर्धा. एपी या वृत्तसंस्थेच्या अखेरच्या राष्ट्रीय क्रमवारीत हा संघ पाचवा होता, राष्ट्रीय विजेता ओक्लाहोमा ठरला. शिवाय कॉन्फरन्स जिंकूनही त्यांना हंगामानंतरचा बोल सामना खेळता आला नाही, कारण खेळाडू मिळवताना नियम मोडल्याबद्दल विद्यापीठावर कारवाई झाली होती. ती बाबही फॉरवर्ड करताना गळते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "या वाघांनी". स्टॉलिंग्ज आणि जॅक पार्डी हे जंक्शनमध्ये टिकलेले दोघे १९५६ च्या संघात होते, चांगले खेळले, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण त्या संघाचा तारा होता जॉन डेव्हिड क्रो, जो पुढच्या वर्षी ए अँड एमचा पहिला हाइझमन विजेता झाला. कॉलेज फुटबॉलमधला यापेक्षा मोठा वैयक्तिक सन्मान नाही. क्रो जंक्शनला गेलाच नव्हता! १९५४ मध्ये तो पहिल्या वर्षाला होता, आणि तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. १९५५ मध्ये तो आणि त्याच्या बरोबरीची मुलं संघात आली. त्या वर्षी सात विजय, दोन पराभव, एक बरोबरी. पुढच्या वर्षी अपराजित. दोन हंगामांत एक विजय ते अपराजित हा प्रवास बघायचा तर आधी मैदानावर कोण आलं ते बघायला हवं.

जंक्शनमध्ये टिकलेल्यांपैकी कित्येकांनी ब्रायंटवर आयुष्यभर माया केली. त्यात खोटं काही नाही, मी त्याचा अनादर करणार नाही. एकत्र सोसलेल्या माणसांची गाठ पक्की बसते. १९७९ मध्ये ही मंडळी पुन्हा जंक्शनला जमली तेव्हा म्हातारा झालेला ब्रायंटही तिथे गेला. पण त्याची सहा राष्ट्रीय विजेतेपदं अलाबामा विद्यापीठातली आहेत, १९६१ ते १९७९ या काळातले. सराव तिथेही कडक असायचे. जंक्शनसारखं शिबिर मात्र त्याने पुन्हा भरवलं नाही.

शेवटचं वाक्य राहिलं, पाणी मागणाऱ्याचं. यावर मला जॉर्डन मॅकनेरबद्दल सांगायचंय. मेरीलँड विद्यापीठाचा खेळाडू, वय १९. २९ मे २०१८ रोजी हंगामाच्या तयारीतल्या एका व्यायामसत्रात, ११० यार्डांच्या दौडी मारत असताना त्याला उष्माघात झाला. त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायला उशीर झाला. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी या चुकीची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळायला लागतो, तोल जातो. पहिल्या अर्ध्या तासात बर्फाच्या पाण्यात बुडवून ते खाली आणलं तर जवळपास सगळे वाचतात. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, असा क्रम आहे.

आज अमेरिकेतले कॉलेज संघ हंगामाची तयारी कशी करतात ते बघा. दिवसातून दोनदा पूर्ण सराव ही प्रथा एनसीएएने २०१७ मध्ये बंद केली. पहिला आठवडा उन्हाची सवय व्हायला दिलेला असतो: पहिले दोन दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण पॅड शेवटी. २०२१ पासून पूर्ण पॅड घालून सराव करायचे दिवस नऊवर आणले, आणि एका सत्रात समोरच्याला धडकून खाली पाडायच्या सरावाला ७५ मिनिटांची मर्यादा घातली. एवढं करून हे संघ मऊ झाले, असं त्यांचा एकही सामना बघितलेला माणूस म्हणणार नाही.

माझा मुलगा इथे हायस्कूलच्या संघात खेळतो. ऑगस्टमध्ये त्यांचा सराव सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि आम्ही काही पालक पाळीपाळीने बाटल्या भरायला जातो. मैदानाच्या कडेला, सावलीत, गुरांना पाणी पाजायचा असतो तसा एक मोठा हौद ठेवलेला असतो. संघाची ट्रेनर, तिशीतली बाई, पहिली शिट्टी व्हायच्या आधी त्यात बर्फाच्या पिशव्या फाडून ओतते, कोपरापर्यंत हात घालून ढवळते, आणि थंड वाटलं नाही तर आणखी एक पिशवी मागते. मुलं मैदानावर जाताना वजनकाट्यावर चढतात, परत येताना पुन्हा चढतात. ती दोन्ही आकडे तक्त्यात लिहिते. एकदा माझ्या मुलाचं वजन दोन तासांत पावणेदोन किलोंनी उतरलं होतं. ती त्याला म्हणाली, उद्या सकाळी हे भरून निघालेलं दिसलं नाही तर हेल्मेट मिळणार नाही. तो घरी येऊन ताक पीत बसला. त्या संपूर्ण महिन्यात हौदाला कुणाचा पाय लागला नाही, पण रोज तो भरला जायचा आणि रोज ओतून टाकला जायचा.

भाच्याकडे मी सरांसाठी एक चिठ्ठी दिली आहे. ते मुलांसाठी पहाटे उठतात, शिबिर मनापासून घेतात, म्हणून त्यांच्यावर राग नाही. लिहिलंय की शिबिर कडक घ्या, पळवा, दमवा. पहिला आठवडा कमी वेळ घ्या आणि रोज थोडा वाढवत न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याला थांबा, बाटली ज्याची त्याच्याजवळ राहू द्या. वजनकाटा नसेल तर जिमखान्यातला मागून घ्या. मूल बरळलं, झोकांड्या खायला लागलं, तर त्याला "उठ, नाटकं करू नकोस" म्हणू नका. आणि बर्फ टाकलेल्या पाण्याचं एक पिंप मैदानाशेजारी रोज भरून ठेवा, ते कुठे आहे ते पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना दाखवा.