ज्वारीच्या कोठीत गोळी टाकू नका

यंदाची ज्वारी घरात आली आणि पाठोपाठ तो मेसेजही आला. 'वर्षभर धान्य टिकवा, आजीचे सोपे उपाय.' आधी चुलत सासूबाईंनी पाठवला, मग वहिनींनी, मग गल्लीतल्या दोघींनी. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. कीड मारायच्या गोळ्या फडक्यात बांधून कोठीत टाका, वास आला नाही म्हणजे धोका नाही. बोरीक पावडर चोळा, ती तर डोळ्यांतही घालतात. धान्याला ऊन दाखवू नका, सत्त्व जातं. आणि झाकण घट्ट असलं की कीड लागतच नाही. पहिल्या गोष्टीची मला भीती वाटते, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिते.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तो सोंड्याला मारतो तसाच माणसालाही मारतो. फडक्यामुळं उरलेली भुकटी धान्यात मिसळत नाही एवढंच. वायू फडक्यातून आरपार जातो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. दहा फूट लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच खोलीत तो सगळा पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ च्या आसपास भाग होतात. गोदामात काम करणाऱ्यांसाठी सुरक्षित मर्यादा धरतात ती ०.३ भागांची. दोन गोळ्यांत आकडा ५० वर जातो, आणि तिथं जिवाला तात्काळ धोका मानतात.

आता आपली घरं डोळ्यांपुढं आणा. ज्या खोलीत कोठ्या, त्याच खोलीत लेकरं झोपतात. उन्हाळ्यात तिथंच कूलर रात्रभर ओली हवा फेकत असतो. गोळीला तेवढंच हवं असतं.

वासाचा भरवसा तर मुळीच धरू नका. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा जो वास येतो, तो त्यात मिसळलेल्या इतर घटकांचा. वास गेला तरी वायू असू शकतो. या विषावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्या जाणकार माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असा नियम आहे, आणि १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे.

याला 'आजीचा उपाय' म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडं पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, ज्वारी भरायचे, तेव्हाची माणसं कोंडलेल्या हवेला किती जपून असायची! पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. ते बराच वेळ उघडं ठेवायचे, मग दोरीनं कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. धान्य आणि किडे आतला प्राणवायू संपवतात, हे नाव घेऊन ठाऊक नसेल त्यांना, पण धोका ठाऊक होता.

बोरीक पावडरचं थोडक्यात सांगते. डोळे धुवायला वापरतात ते मोजून केलेलं, अगदी पातळ द्रावण असतं. खाण्याच्या जिनसांत ती घालायला कायद्यानं परवानगी नाही. तांदूळ तरी आपण धुतो, पण ज्वारी कोण धुतं? पाखडली, निवडली की डबा थेट गिरणीत. म्हणजे चोळलेली पावडर भाकरीत, आणि दोन्ही वेळा भाकरी खाणाऱ्या लेकराच्या पोटात. डाळींना एरंडेलाचं बोट लावायची आपली रीत यापेक्षा कितीतरी बरी. तेलाचा पातळ थर बसला की किड्यांची अंडी गुदमरतात.

उन्हानं सत्त्व जातं, हेही खरं नाही. उन्हानं जातो तो ओलावा, आणि कीड व बुरशी दोन्ही ओलाव्यावर वाढतात. ज्वारीत तो १२ टक्क्यांच्या खाली हवा, डाळींत ९-१०. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. काळ्या ताडपत्रीवर पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक घातलं, तर मेच्या उन्हात दाणे पन्नास अंशांच्या वर तापतात. त्या तापात तासा-दोन तासांत आतले किडे मरतात. फक्त पेरायचं बियाणं असं तापवू नका, उगवण जाते. आणि तापलेलं धान्य संध्याकाळी लगेच कोठीत भरू नका. आत घाम धरतं. रात्रभर घरात पसरून निवू द्या.

झाकणाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण तूर, हरभरा, मुगावरचा भुंगेरा शेतातच शेंगांवर अंडी घालतो आणि धान्यासोबतच घरी येतो. महिनाभरात त्याची पुढची पिढी तयार. म्हणून आधी ऊन, मग झाकण. पिंप खरंच हवाबंद असेल तर ते काठोकाठ भरा. आत हवा कमी राहिली की उरलेले किडे लवकर मरतात.

ज्यांनी गोळ्या आधीच टाकल्यात, त्यांनी आज रात्री त्या खोलीत झोपू नका. दारं-खिडक्या उघडी टाकून बाहेर पडा. गोळी शोधायला कोठीत हात घालू नका, वर पाणी तर अजिबात टाकू नका, वायू आणखी जोरात सुटतो. पुढं काय करायचं ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. घरात कुणाला मळमळ, उलट्या, छातीत दडपल्यासारखं झालं, तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरात गोळ्या टाकल्यात. नाहीतर ते शिळ्या अन्नाची बाधा समजतील.