धुतल्या तांदळासारखा क्रॉमवेल? हिलरी मॅन्टेल यांच्यावरील आक्षेपांचा प्रतिवाद

सोळाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावर हिलरी मॅन्टेल यांनी लिहिलेल्या 'वुल्फ हॉल' (२००९), 'ब्रिंग अप द बॉडीज' (२०१२) आणि 'द मिरर अँड द लाइट' (२०२०) या तीन कादंबऱ्यांविषयी एक दावा वारंवार पुढे केला जातो. त्याचा मथितार्थ असा: मॅन्टेल यांनी कॅथलिकद्वेषापोटी थॉमस मोर या संताला (हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याने त्याला मृत्युदंड झाला) खलनायक केले, क्रॉमवेल या खुनी माणसाला धुतल्या तांदळासारखा करून दाखवला, इतिहासाचे शिक्षण नसल्यामुळे हवे ते रचले, आणि ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या राजघराण्याच्या, काळाची चलती असताना लिहिल्यामुळे दोनदा बुकर पदरात पाडून घेतले. (क्रॉमवेल म्हणताच आपल्याकडे अनेकांना पुढच्या शतकात राजसत्ता उलथवणारा ऑलिव्हर आठवतो. तो या थॉमसच्या भाच्याचा पणतू.)

शेवटचा आरोप आधी घेतो, कारण तो लवकर निकालात निघतो. १९५२ साली डर्बीशायरमध्ये जन्मलेल्या मॅन्टेल यांनी पहिली ऐतिहासिक कादंबरी १९७४ साली लिहायला घेतली. ती फ्रेंच राज्यक्रांतीवर होती, १९७९ मध्ये पुरी झाली, प्रकाशकांनी नाकारली आणि छापून आली ती थेट १९९२ साली. दरम्यानच्या काळात त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे बोट्स्वाना आणि सौदी अरेबियात राहिल्या. त्यांचे दुखणे डॉक्टरांनी मनाचे खेळ ठरवून मानसिक आजाराच्या गोळ्या दिल्या होत्या. अखेर बोट्स्वानात असताना वैद्यकाचे पुस्तक वाचून, आपल्याला एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) आहे, हे त्यांनी स्वतःच ओळखले. सत्ताविसाव्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेनंतर मूल होण्याची शक्यता कायमची संपली. 'वुल्फ हॉल' ही त्यांची दहावी कादंबरी आहे. पस्तीस वर्षे लिहीत राहिल्यावर मिळालेल्या यशाला लाटेवर स्वार होणे म्हणायचे असेल, तर तो शब्दाचाच अपमान आहे.

आता मोरविषयी. आपल्या डोक्यातला मोर हा बहुतेक वेळा रॉबर्ट बोल्ट यांच्या १९६० च्या नाटकातला आणि त्यावरच्या १९६६ च्या चित्रपटातला मोर असतो: सदसद्विवेकासाठी हसतमुखाने प्राण देणारा. तो पैलू खोटा नाही. पण १५२९ ते १५३२ या काळात हाच मोर इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचा प्रमुख मंत्री, होता, त्या कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळण्यात आले, आणि त्यांतल्या काहींच्या चौकशीत तो जातीने गुंतलेला होता. आपल्या घरी संशयितांना अटकेत ठेवल्याचे त्याने स्वतः लिहिले आहे, आणि जाळण्याची शिक्षा योग्य असल्याचे आपल्या ग्रंथांत हिरिरीने मांडले आहे. त्याने चेल्सीच्या चर्चमध्ये स्वतःसाठी लॅटिन समाधिलेख रचून ठेवला होता. आपण चोर, खुनी आणि पाखंडी यांना जाच होतो, असे त्यात तो अभिमानाने सांगतो. आज त्या दगडावर चोर आहेत, खुनी आहेत, आणि 'पाखंडी' हा शब्द जिथे असायला हवा तिथे कोरी जागा आहे. मोरच्या प्रतिमेवरून हात फिरवण्याचे काम मॅन्टेल यांच्या कितीतरी आधी सुरू झाले होते, आणि ते उलट्या दिशेने चालले होते, याचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

तरीही एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या पदरात टाकावीच लागते. मोरने संशयितांचा शारीरिक छळ केल्याच्या कथा प्रामुख्याने जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट लेखकाकडून येतात. त्याचा ग्रंथ १५६३ चा, म्हणजे मोरच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी आलेला, आणि मोरने आपल्या हयातीतच असे आरोप फेटाळले होते. मॅन्टेल त्या कथांकडे झुकतात. मोरचा विनोद त्यांच्या हाती फार कडवट होतो, घरातले त्याचे वात्सल्य पातळ होते, आणि इथे त्यांनी हात आखडता घेतला आहे असे माझेही मत आहे. त्या स्वतः कॅथलिक घरात वाढल्या, बाराव्या वर्षाच्या सुमारास श्रद्धेपासून दूर झाल्या, आणि पुढे त्या चर्चविषयी जाहीरपणे कठोर बोलल्याही. परंतु लेखिकेच्या मनात अढी असली म्हणून जाळलेली माणसे न जाळलेली होत नाहीत.

क्रॉमवेलला निर्दोष ठरवल्याचा आरोप मात्र पुस्तक उघडून वाचणाऱ्याच्या तोंडी येऊ नये. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात त्या काळचा चित्रकार हॉल्बाइन याने काढलेली मोर आणि क्रॉमवेल यांची चित्रे एकाच शेकोटीच्या दोन बाजूंना लावलेली आहेत. मोर मखमली बाह्यांत, तरतरीत. क्रॉमवेल जाडजूड, मुठीत कागद आवळून बाजूला बघणारा. 'वुल्फ हॉल'मध्ये हे चित्र पाहून क्रॉमवेल म्हणतो की मी खुन्यासारखा दिसतो, आणि त्याचा मुलगा ग्रेगरी विचारतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हते का? संपूर्ण कथन क्रॉमवेलच्या खांद्यावरून, वर्तमानकाळात चालते आणि बहुतेक ठिकाणी 'तो' म्हणजे क्रॉमवेलच असतो. आपण त्याच्या इतके जवळ असतो की त्याचे समर्थन आपल्याला आपलेच वाटू लागते. ही जवळीक म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. १५३६ साली हेन्रीची राणी ॲन बुलिन हिच्यावर व्यभिचाराचा आळ आणताना मार्क स्मीटन या तरुण वादकाला नाताळच्या सोंगांचे सामान ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीत कोंडण्याचा प्रसंग वाचा. पोराला कोणी बोटही लावत नाही, आणि सकाळपर्यंत तो हवी ती नावे सांगायला तयार होतो. हे लिहिणारी बाई आपल्या नायकावर पांघरूण घालते आहे, असे म्हणणे कठीण आहे. शिवाय क्रॉमवेलला कर्तबगार प्रशासक म्हणून पुढे आणले ते जी. आर. एल्टन या इतिहासकाराने, १९५३ साली, मॅन्टेल जेमतेम वर्षभराच्या असताना.

उरला इतिहासाच्या अज्ञानाचा मुद्दा. त्यांचे शिक्षण कायद्याचे होते, हे खरे. पण कोणत्या तारखेला कोणते पात्र कुठे होते याच्या नोंदी त्या कार्डांवर ठेवत, आणि नोंद आड आली तर प्रसंग वळवत. 'वुल्फ हॉल' ज्यांना अर्पण केली आहे त्या मेरी रॉबर्टसन यांनी क्रॉमवेलच्या पदरच्या माणसांवरच संशोधन केले होते. क्रॉमवेलचा काळ कादंबरीला मोकळीक देतो तो कागदपत्रांच्या विचित्र विभागणीमुळे: १५४० मध्ये अटकेनंतर त्याचे दप्तर जप्त झाले म्हणून त्याला आलेली पत्रे ढिगाने उरली, पण त्याने पाठवलेल्यांच्या नकला फारशा नाहीत. समोरचे सगळे बोलतात आणि हा गप्प. ती गप्प बाजू मॅन्टेल यांनी भरली.

रचलेले काय, याचे सर्वांत मोठे उदाहरण मीच देतो. क्रॉमवेलचा आधीचा धनी कार्डिनल वुल्सी मेल्यावर, तो नरकात जातो असे सोंग ॲनच्या वडिलांनी दिलेल्या मेजवानीत खरोखर झाले. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या राजदूताने ते कळवले आहे. सोंगात कोण होते याची नोंद नाही. मॅन्टेल यांनी ते राजदरबारात नेले आणि कार्डिनलचे हातपाय धरून ओढणारे चार जण म्हणून जॉर्ज बुलिन, नॉरिस, ब्रेरटन आणि वेस्टन यांना उभे केले, म्हणजे ॲनशी व्यभिचार केल्याच्या आरोपावरून १५३६ च्या मे महिन्यात स्मीटनसोबत ज्यांची मुंडकी उडवली गेली तेच चौघे. आपण वाचकापुढे केवळ एक प्रस्ताव ठेवत आहोत, असे त्यांनी दुसऱ्या कादंबरीच्या टिपणात म्हटलेही आहे. आता या जोडणीचा परिणाम पाहा. इतिहासातला क्रॉमवेल राजाच्या हुकमाचा ताबेदार होता, असे म्हणून निदान निम्मी जबाबदारी राजावर ढकलता येते. कादंबरीतल्या क्रॉमवेलला ती सोय उरत नाही, कारण आपल्या धन्याच्या अपमानाचा हिशेब तो पाच वर्षे मनात जपतो आणि आरोपाला दोषी हवेत तेव्हा याच चौघांना निवडतो.