वेगळे नाव द्यावे, पण जुने मोडू नये
पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतील सगळी मॉड्यूल (तयार कोडचे संच) 'एसटीडी' अशा एका सामायिक नावाखाली आणावीत, ही एका लेखातील सूचना मला तत्त्वतः पटते. आज स्क्रिप्टच्या शेजारी 'रँडम डॉट पीवाय' नावाची फाइल ठेवली, की 'इम्पोर्ट रँडम' लिहिल्यावर मूळ मॉड्यूलऐवजी तीच फाइल उचलली जाते, कारण शोधाच्या यादीत स्क्रिप्टचे फोल्डर सर्वांत वर असते. आवृत्ती ३.१३ पासून अशा वेळी त्रुटीसंदेशात फाइलचे नाव बदलण्याचा सल्ला मिळतो, पण ही मलमपट्टीच झाली. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड या प्रणालीने आपल्या अंगभूत मॉड्यूलच्या नावांना 'नोड' हा उपसर्ग आणून हा गोंधळ बराच आटोक्यात आणला आहे.

मात्र स्थलांतराचा भाग लेखात फारच घाईने उरकला आहे. पिकल केलेल्या, म्हणजे पायथनच्या पिकल मॉड्यूलने साठवण्याजोग्या रूपात आणलेल्या वस्तूत तिच्या क्लासच्या (प्रकाराच्या) नावाबरोबर त्याच्या मॉड्यूलचे नावही साठवले जाते. त्यामुळे मॉड्यूल हलवले आणि जुने नाव काढून टाकले, तर वर्षांपूर्वी साठवलेला डेटा उघडणार नाही. पायथन २ वरून ३ वर येताना याचसाठी पिकलमध्ये जुन्या-नव्या नावांचा तक्ता ठेवावा लागला होता. दोन्ही नावे चालू ठेवायची म्हटले, तर ती एकाच मॉड्यूल ऑब्जेक्टकडे नेणारी हवीत. तोच कोड दोनदा लोड झाला, तर दोन वेगळे क्लास तयार होतील आणि वस्तू कोणत्या क्लासची आहे हे पाहणारी 'इजइन्स्टन्स'ची तपासणी मुकाट्याने चुकेल. 'कलेक्शन्स' या मॉड्यूलमधील अमूर्त क्लास (इतर क्लाससाठीचे साचे) आवृत्ती ३.३ मध्ये उपमॉड्यूलमध्ये हलवले, तरी जुनी नावे ३.१० मध्येच, म्हणजे २०२१ साली काढता आली. संपूर्ण लायब्ररीसाठी किती काळ लागेल, याचा अंदाज लेखकाने द्यायला हवा होता.