मेलेल्यांचा हिशेब कशाला? सत्तरीकरांना उत्तर

सत्तरीकर, नमस्कार.

युद्धांची कारणं आणि त्यांत जाणारे जीव यांवर जे संशोधन चालतं, त्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही चिडलात. चिडून का होईना, सविस्तर लिहिलंत. त्याखाली चार ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितोय.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वातानुकूलित खोलीत बसून प्रेतांची कोष्टकं मांडणं हा माणुसकीशून्य उद्योग आहे. युद्धं का होतात हे शेंबड्या पोरालाही कळतं: सत्तेची हाव. या पंडितांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ते सगळे गोरे. आणि 1961 साली असले हिशेब करत बसलो असतो, तर आजही आपल्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट असता. (पासपोर्टचं उदाहरण गोव्यात जरा जपून द्यावं. त्यासाठी धावपळ करणारे आजही कमी नाहीत.)

1961 पासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा भार त्यावर आहे.

ऑपरेशन विजय, म्हणजे गोव्यातून पोर्तुगीजांना हटवणारी भारतीय सैन्याची कारवाई, 17 डिसेंबरच्या रात्री सुरू झाली आणि 19 तारखेच्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्हा शरण आले. दोन्ही बाजूंचे मिळून मृत शंभराच्या आत. आता गंमत बघा. जे. डेव्हिड सिंगर यांनी 1963 साली मिशिगन विद्यापीठात सुरू केलेल्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पात दोन देशांमधलं युद्ध म्हणून नोंद व्हायची, तर लढाईत किमान 1,000 सैनिक मेलेले असावे लागतात. म्हणजे ज्या दिवसाची आपण दरवर्षी सुट्टी घेतो, ते युद्ध त्या यादीत नाहीच. पुढच्याच वर्षीचं चीनबरोबरचं आहे, 1965 चं आहे, गोव्याचं नाही. मग या लोकांनी हिशेब करून आपला मुक्तिलढा अडवला असता हे तुम्ही कशावरून म्हणता? त्यांच्या वहीत तो चढलासुद्धा नाही.

पण माणसं इतकी कमी का मेली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपलं सैन्य भारी होतं हे खरंच आहे. त्याबरोबर हेही खरं, की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून स्पष्ट कळवलं होतं: तह नाही, शरणागती नाही, सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. निदान आठवडाभर तरी तग धरा, तोवर जगात ओरड करतो, असा त्याचा बेत. वासालु ई सिल्व्हा यांनी ते ऐकलं नाही. बाणस्तारीसारखे पूल उडवले गेले, पण पणजीत गल्लोगल्ली लढाई झाली नाही. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून हाकललं, आणि गेलेला हुद्दा परत मिळाला तो पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर. तेव्हा ‘युद्ध केलं, स्वस्तात सुटलो’ हा निष्कर्ष काढताना शत्रूच्या एका अधिकाऱ्याने हुकूम मोडला होता, हे त्यातून वगळू नका. दुसऱ्या वेळी समोर हुकूम पाळणारा निघू शकतो.

आता तुमची ‘हाव’. हाव सगळ्यांनाच असते आणि सदासर्वकाळ असते. युद्ध मात्र कधी होतं, कधी होत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिअरन यांनी 1995 साली एका निबंधात प्रश्न असा ठेवला: युद्धात दोघांचंही नुकसान होणार हे दोघांनाही ठाऊक असतं, मग तेवढं नुकसान वाचवणारा सौदा आधीच का होत नाही? त्यांची उत्तरं अशी की एकमेकांच्या ताकदीचा आणि जिद्दीचा अंदाज चुकतो, किंवा समोरचा उद्या शब्द पाळेल याची खात्री नसते, किंवा भांडणाची वस्तू वाटून घेण्याजोगी नाही असं एखाद्याने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं.

हे गोव्याला लावून बघा. भारताने फेब्रुवारी 1950 मध्ये पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. 1951 मध्ये पोर्तुगालने घटनाच बदलली, वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हटलं, आणि मग स्वतःच्या देशाच्या तुकड्याबद्दल बोलायचं काय, असं म्हणायला मोकळे झाले. 1953 मध्ये भारताने लिस्बनमधला आपला दूतावास बंद केला. अंदाजांचं म्हणाल, तर ब्रिटन जुन्या मैत्रीकराराला जागेल असं सालाझारला वाटत होतं. ब्रिटन जागला नाही. सुरक्षा परिषद भारताला रोखेल अशी आशा होती. 18 डिसेंबरला सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. तिसरी गोष्ट आफ्रिकेची. राज्यशास्त्रज्ञ बार्बरा वॉल्टर यांनी दाखवलंय, की फुटून निघू पाहणारे अनेक गट ज्या सरकारसमोर उभे असतात, ते पहिल्यालाच काही द्यायला घाबरतं, कारण पुढचे टपलेले असतात. त्यांचा अभ्यास देशांतर्गत युद्धांचा आहे, पण सालाझारला तो चपखल बसतो. 1961 च्या सुरुवातीलाच अंगोला पेटला होता. गोव्यावर बोलणी केली असती तर अंगोलाच्या राजधानीला, लुआंडाला, कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? या अडेलपणापायी पोर्तुगाल पुढे 1974 पर्यंत अंगोला, गिनी-बिसाव आणि मोझांबिकमध्ये लढत राहिला आणि त्याचे आठ हजारांहून अधिक सैनिक मेले. त्यांची नावं लिस्बनमध्ये बेलेंच्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्या युद्धांत मेलेल्या सामान्य आफ्रिकन माणसांची तशी पूर्ण यादी माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि इथेच मोजणीच्या तुमच्या आक्षेपाकडे येतो.

‘प्रेतं मोजणं माणुसकीशून्य’ म्हणता, पण न मोजल्याने कोण दिसेनासं होतं ते बघा. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक जण गेले. पत्रादेवीचं स्मारक तुम्ही पाहिलं असेलच. हे युद्ध नव्हे, कारण समोर बंदूकच नव्हती. सैनिक मोजणाऱ्या यादीत ते येणार नाहीत. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने अशा मृत्यूंसाठी एकतर्फी हिंसा असा वेगळा वर्ग केला, पण त्यातली नोंद 1989 पासूनची, आणि वर्षाला 25 मृत्यूंची अट. 1961 नंतर पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यांची मालमत्ता गोठवली. 19 डिसेंबरच्या हिशेबात ती माणसं कुठे आहेत? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर खानसामे आणि स्टुअर्ड म्हणून गेलेले आपले तारवटी समुद्रात बुडाले. ते प्रजा तटस्थ पोर्तुगालची आणि नोकर इंग्रजांचे. सैनिक तर नव्हतेच.

सगळ्यात मोठा आकडा बंदुकीपासून लांब मरणाऱ्यांचा असतो. 1943 मध्ये मुरगाव बंदरात जपानचं जहाज आणि अमेरिकेने भाड्याने घेतलेलं स्वीडनचं जहाज शेजारी लागलं आणि दोन्हीकडच्या सुमारे 1,500-1,500 माणसांची अदलाबदल झाली, इतकं नीट मोजूनमापून. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने 1945 मध्ये पंधरा लाख म्हटलं. अमर्त्य सेन यांनी आकडे पुन्हा तपासून तीस लाखांच्या आसपास नेले. बंगालच्या त्या गावांत लढाई झालीच नव्हती, म्हणून रणांगणावरच्या मृतांत यातला एकही नाही. युद्धाने चढलेले भाव, अडवलेल्या होड्या, लष्कराकडे वळलेला तांदूळ यांनी ते गेले.

‘आकडे जुळत नाहीत’ हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो मला टाळायचा नाही. मार्च 2003 ते जून 2006 या काळात इराकमध्ये हिंसेने किती मेले? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2006 च्या पाहणीने जादा मृत्यू 6,54,965 सांगितले, त्यांतले सुमारे सहा लाख हिंसेचे. इराक सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीने त्याच काळासाठी 1,51,000 सांगितले. हिंसेच्या मृत्यूंतला फरक जवळपास चौपट. काँगोत 1998 ते 2007 या काळात 54 लाख जादा मृत्यू झाले असं एका मदत संस्थेने मांडलं. टीकाकारांनी विचारलं, जादा म्हणजे कशापेक्षा जादा? युद्ध नसतं तर हजारी किती मेले असते हे आधी धरावं लागतं. संस्थेने आफ्रिकेची सरासरी धरली, तर काँगोत युद्धाआधीच त्याहून जास्त माणसं मरत होती. आधार बदलला की लाखो मृत्यू हिशेबातून जातात.

यावरून ‘सगळं थोतांड’ असं म्हणता येतं. पण चूक कुठे आहे हे तरी कुणामुळे कळलं? त्यांनी किती घरं पाहिली, कशी निवडली, काय धरून चालले हे छापलं म्हणून. अमेरिकी सेनानी टॉमी फ्रँक्स 2002 मध्ये म्हणाले होते की आम्ही मृतदेह मोजत नाही. त्या वाक्यात खोडून काढायला काहीच नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त भयंकर वाटतं.

माणुसकीबद्दल एकच. या मोजणीचा पाया घालणाऱ्यांपैकी लुईस फ्राय रिचर्डसन हे हवामानशास्त्रज्ञ होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. त्यांचं हवामान खातं हवाईदलाच्या मंत्रालयाखाली गेलं, तेव्हा 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मग वर्षानुवर्षं युद्धांची नोंद केली. एकच भाषा बोलणारे एकमेकांशी कमी लढतात, या समजाला त्यांना आधार सापडला नाही. ज्या देशाला शेजारी जास्त, त्याची युद्धं जास्त, हे सापडलं. या नोंदींचं पुस्तक 1960 मध्ये आलं, ते वारल्यावर सात वर्षांनी. वातानुकूलित खोली त्यांना लाभल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिले गोरे. इथे तुमच्याशी माझं भांडण नाही. मिशिगन, उप्साला, ऑस्लो, हीच नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांच्या नोंदी बऱ्याच अंशी बातम्यांवर उभ्या असतात. बातमीदार जिथे पोचत नाही, तिथला मृत्यू सुटतो. दिल्लीतलं साउथ एशिया टेररिझम पोर्टल आपल्याकडचे आकडे ठेवतं, तेही मुख्यतः वर्तमानपत्रांतूनच. मोझांबिकमधून परतलेल्या कुटुंबांची यादी करायची, तर पणजीच्या पुराभिलेख खात्यातली कागदपत्रं आणि मडगाव-म्हापशातली घरं धुंडाळावी लागतील. त्याला पोर्तुगीज वाचता येणारी आणि कोंकणी-मराठी बोलणारी माणसं हवीत. ती उप्सालात नाहीत, गोव्यात आहेत.