पदकानंतरची चार वर्षं

ठाण्याहून ताईचा फोन आला की हल्ली एकच विषय. भाची नववीत गेली, सहा वर्षं रिदमिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजे रिबन, चेंडू, हूप (मोठं कडं) घेऊन संगीतावर करायचं जिम्नॅस्टिक्स, करते आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. आजोबा म्हणतात, आता दहावीपर्यंत बंद. ताई म्हणते, दहावीला क्रीडागुण मिळतात, तेवढ्यासाठी तरी चालू ठेवू. दोन्ही बाजूंनी हिशोब दहावीचाच. मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते. हे ऐकताना मला दर वेळी जपानची रिदमिक जिम्नॅस्ट काहो मिनागावा आठवते.

काहो आमच्या शेजारच्या चिबा प्रांतातली, जन्म 1997 चा. 2013 साली, म्हणजे पंधरा-सोळाच्या वयात, जपानच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेनं तिला आणि साकुरा हायाकावा या दुसऱ्या मुलीला सरावासाठी रशियाला पाठवलं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती सोळावी आली. अंतिम फेरीत जागा दहाच. पण पुढच्याच वर्षी इटलीत पेसारोच्या जागतिक स्पर्धेत तिनं हूपमध्ये कांस्यपदक मिळवलं. वैयक्तिक प्रकारात जपानला जागतिक पदक मिळालं ते 1975 नंतर थेट तेव्हा, 42 वर्षांनी.

मला त्यापुढची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. 2021 मध्ये ऑलिम्पिक तिच्या दाराशी आलं, तोक्योतल्या अरिआकेच्या सभागृहात. वैयक्तिक प्रकारात जपानकडून उतरल्या चिसाकी ओइवा आणि सुमिरे किता. काहो त्यात नव्हती. जागतिक पदक असूनही जागा राखून ठेवलेली नव्हती, आणि तिच्या मागे दोघी तयार होत्या.

आपल्याकडे ऑलिम्पिक झालं की चर्चा सुरू होते: आपणही पोरींना लहानपणीच परदेशी प्रशिक्षकांकडे पाठवायला हवं. मला हे पटत नाही. पंधराव्या वर्षी माझ्या मुलीला मी रशियाला धाडलं नसतं, हे स्वच्छ सांगते. आणि गुणवत्ता तर आपल्याकडे आहेच. ठाण्याच्याच संयुक्ता काळेनं 2022 च्या खेलो इंडियात पाच सुवर्णपदकं घेतली होती.

जपानकडून घ्यायचंच असेल तर शाळेतलं ‘बुकात्सु’ घ्यावं. बुकात्सु म्हणजे शाळा सुटल्यावरचा क्लब. आमच्या वस्तीतल्या शाळेत संध्याकाळी मुली सराव करत असतात. त्यातली एकही जागतिक स्पर्धेला जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांच्या आयांनाही. परीक्षा त्यांनाही आहे: आपल्या नववीच्या वर्षाअखेरीस हायस्कूलची प्रवेश परीक्षा, तीही कडक. पण खेळ थांबतो तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, शेवटची स्पर्धा खेळून झाल्यावर. त्याला ‘इनताई’ म्हणतात, निवृत्ती. धाकट्या मुली निरोप देतात, मोठ्या रडतात, मग पुस्तकं उघडतात. परीक्षेला तेव्हा जेमतेम सहा-सात महिने उरलेले असतात.

यातलं सगळंच घेण्यासारखं नाही. शिक्षकांचे शनिवार-रविवार या क्लबांनी खाल्ले, म्हणून 2023 पासून सरकारी शाळांचे सुट्टीचे सराव हळूहळू स्थानिक संस्थांकडे जात आहेत. शिस्तही कधी कधी अंगावर येते. पण मुलीनं सहा वर्षं जे केलं त्याला एक शेवटचा दिवस देणं, तो तिला आधी ठाऊक असणं, हे आपण आजही करू शकतो. त्याला ना परदेशी प्रशिक्षक लागतो, ना सरकारी योजना.

ताईला मी एवढंच म्हटलं, क्रीडागुणांचं राहू दे बाजूला, शेवटची स्पर्धा कोणती ते तिलाच ठरवू दे. आजोबांनी फोन घेतला आणि ती स्पर्धा कधी असते ते विचारलं. भाची मागून ओरडली, नोव्हेंबर! रविवारी ती मला व्हिडिओ कॉलवर रिबनचा नवा सेट दाखवणार आहे, सोसायटीच्या हॉलमधून. सहा मीटरची रिबन त्यांच्या घरात फिरत नाही.