‘वीस वर्षे वह्या भरायच्या आणि हाती काही नाही’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या काही दिवसांपासून नागपुरातील विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : लोकसंख्येच्या आरोग्याचे दीर्घकालीन (त्याच माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणारे) अभ्यास किंवा आरोग्यातील विषमता हे संशोधनासाठी निवडू नका, वीस वर्षे घरोघर फिरून वह्या भराव्या लागतात आणि नावावर काही लागत नाही, डॉक्टर नसलेल्याला तिथे कोणी विचारत नाही, गरीब जास्त आजारी पडतात हे सांगायला संशोधक लागत नाही, खरे अभ्यास परदेशात होतात, आणि एवढे करून नोकरी कंत्राटीच. वैद्यकीय महाविद्यालयात ज्याला आम्ही ‘पीएसएम’ (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) म्हणतो त्या विषयात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा मजकूर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यातील शेवटचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, आणि त्याच्या आधारावर उरलेले चारही खपून जातात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

वीस वर्षे थांबल्याशिवाय काही हाती लागत नाही, ही समजूत ‘दीर्घकालीन’ या शब्दामुळे झालेली दिसते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाच्या सवयींविषयी प्रश्नावली पाठवली, आणि धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू यांचा संबंध दाखवणारा पहिला अहवाल १९५४ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांत, प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासाचा पन्नास वर्षांचा अहवाल २००४ मध्ये आला. आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. जन्मतः कमी वजनाच्या, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेल्या बाळांचे वर्णन त्यातून पुढे आले, आणि २००८ मध्ये, ती मुले सहा वर्षांची असताना केलेल्या तपासण्यांवरून, आईच्या शरीरातील बी-१२ व फोलेट या जीवनसत्त्वांच्या पातळीचा मुलांच्या इन्सुलिन-प्रतिरोधाशी (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देण्याशी) संबंध मांडला गेला. अशा अभ्यासात दहाव्या वर्षी रुजू झालेल्या तरुण संशोधकाला मागची दहा वर्षे आयती मिळतात. त्याची पीएचडी एका टप्प्यातील तपासण्यांवर उभी राहू शकते, तिला अभ्यास संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

डॉक्टर नसलेल्यांविषयीचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. वर उल्लेख केलेले ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयरोगाने अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांचे वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न मागे पडले, त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळले. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल अशा शाखांतून आलेले विद्यार्थी लोकसंख्याशास्त्र शिकतात. याच संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील ७२,००० हून अधिक भारतीयांच्या पाहणीची पहिली फेरी पूर्ण करून वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, आणि त्याची माहिती रीतसर मागणी करणाऱ्या संशोधकांना उपलब्ध होते.

‘गरीब जास्त आजारी पडतात, त्यात संशोधन कसले?’ हा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि सर्वांत चुकीचा आहे. लंडनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यातील कोणीही रूढ अर्थाने गरीब नव्हते, सगळ्यांना कायम नोकरी होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, मधल्या श्रेणी क्रमाने मधेच राहिल्या, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही निम्म्याहून अधिक फरक उलगडला नाही. श्रेणीगणिक असा उतार असेल, हे ‘ठाऊकच आहे’ म्हणून सांगता आले नसते.

आपल्या भागातला दाखला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा आहे. विदर्भात हा आजार अनुसूचित जाती-जमातींत आणि काही इतर मागास समाजांत अधिक आढळतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहत असल्यामुळे इथला आजार सौम्य असतो, असे दीर्घकाळ मानले गेले. मध्य भारतातील लहान मुलांचा पाठपुरावा होऊ लागला तेव्हा वारंवार भरती होणारी आणि रक्त द्यावे लागणारी मुले समोर आली आणि तो सौम्यपणा सरसकट खरा नसल्याचे दिसले. ओपीडीत बसून हे कळणे कठीण असते, कारण निदानाआधीच दगावलेले मूल ओपीडीत येत नाही. ते मोजायचे असेल तर जन्मापासूनच मागावर राहावे लागते. जमैकात १९७३ पासून एक लाख नवजात बालकांची तपासणी करून आढळलेल्या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा लहानपणी न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग आणि प्लीहेत अचानक रक्त साठणे ही मृत्यूची मोठी कारणे असल्याचे स्पष्ट झाले. त्यातूनच पेनिसिलिनचे प्रतिबंधक डोस आणि मुलाच्या पोटावर हात ठेवून वाढलेली प्लीहा ओळखण्याचे आईला दिलेले शिक्षण, असे दोन साधे उपाय हाती आले.

वह्या भरण्याची टिंगलही इथेच तपासायला हवी. ज्यांनी मे महिन्याच्या उन्हात रामटेक किंवा उमरेडच्या बाजूला घरभेटी केल्या आहेत, त्यांना कुलूप लावलेल्या घराचा अर्थ कळतो. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी गेलेली असते. मजुराचे कुटुंब वीटभट्टीवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला गेलेले असते. पक्क्या घरातले, पगारदार कुटुंब मात्र प्रत्येक फेरीला जागेवर सापडते. पाठपुराव्यातून सुटणारी माणसे अशी निवडून सुटतात. त्यांना ‘भेट झाली नाही’ एवढीच नोंद करून वगळले, तर आकड्यांत विषमता कमी झालेली दिसते, प्रत्यक्षात ती तशीच असते. म्हणून आशाताईंकडून माहेरचे गाव विचारून घेणारा आणि तिथवर जाणारा क्षेत्र-कार्यकर्ता अभ्यासाच्या निष्कर्षाची खरीखुरी राखण करत असतो. त्याच्या कामाला कारकुनी म्हणणाऱ्याने असा अभ्यास जवळून पाहिलेला नसावा.

परदेशाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी आणि ४७ गावांत तुलनेसाठी केवळ नोंद, अशी मांडणी त्यांच्या चमूने केली. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दाखवणारा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि २०११ पासून ही पद्धत आशांमार्फत देशभर राबवली जाऊ लागली. नागपूरचेच लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन माता-बालक आरोग्याच्या एका जागतिक संशोधन जाळ्यातील एक केंद्र आहे. या जाळ्यात गावोगावच्या गर्भवतींची नोंद करून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत माहिती ठेवली जाते. त्याच जाळ्याने सात देशांत २९,००० हून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, प्रसूतीच्या वेळी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या एका डोसामुळे मातेला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे होणारी गंभीर अवस्था) होण्याचे किंवा तिचा मृत्यू होण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता कंत्राटाविषयी. इथे मजकूर लिहिणाऱ्याशी माझे भांडण नाही, फक्त त्याने दोष चुकीच्या जागी लावला आहे. अभ्यास लांब असतो आणि नेमणूक आखूड असते, ही खरी अडचण आहे. प्रकल्पाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते. ते संपले की गावे ओळखणारी, लोकांचा विश्वास कमावलेली माणसे घरी जातात आणि नव्यांना ओळखीपासून सुरुवात करावी लागते. केंद्राने ठरवलेली कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती अगदीच तुटपुंजी म्हणता येणार नाही, पण तिच्यापुढची कायम पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. लेखकांच्या यादीत कोणाचे नाव यावे, यावरूनही मने दुखावतात. मी स्वतः तीन वर्षे ज्या माहितीची तपासणी केली, तिच्यावरच्या निबंधात माझे नाव आभारांत होते. ती संस्था कोणती, हे इथे महत्त्वाचे नाही. त्यामुळे कोणी विद्यार्थी या क्षेत्रात येण्याविषयी विचारायला आला, तर अनुदान कधी संपते, जमलेल्या माहितीवर स्वतंत्र निबंध लिहिण्याची मुभा आहे का आणि लेखकांची नावे कोणत्या नियमाने ठरतात, हे तीन प्रश्न मुलाखतीतच विचारायला आणि उत्तरे लेखी मागून घ्यायला मी सांगतो.